विहाराच्या रस्त्याला डांबर किती लागतं? टेप घ्या, हिशेब करा

अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून आपल्याकडे रस्ते मंजूर होतात. फलक लागतो, नारळ फुटतो, आणि पहिल्याच पावसात खडी वर येते. मग आपण निवेदन घेऊन जातो. आमचं म्हणणं असं की निवेदनात "काम निकृष्ट आहे" एवढंच लिहून भागत नाही, आकडा लिहावा लागतो. तो काढायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

समजा मुख्य रस्त्यापासून विहारापर्यंतचा जोडरस्ता ६० मीटर लांब आहे. रुंदी एकाच जागी मोजू नका. पाच-सहा ठिकाणी टेप लावा आणि सरासरी काढा. ती ३ मीटर आली, तर क्षेत्रफळ १८० चौरस मीटर. अंदाजपत्रकात डांबरी थर ५० मिलिमीटर, म्हणजे ०.०५ मीटर लिहिला असेल, तर १८० गुणिले ०.०५ म्हणजे ९ घनमीटर. रोलरने दाबलेल्या दाट डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला साधारण २.३५ टन धरा (उघड्या पोताचं मिश्रण हलकं असतं). उत्तर आलं सुमारे २१ टन. वाया जाणारा माल धरून २२ टन.

यात निव्वळ डांबर किती? दाट मिश्रणात वजनाच्या साधारण ५ टक्के, म्हणजे जेमतेम एक टन. बाकी सगळी खडी आणि भुकटी.

आता खर्च. दर तुमच्या अंदाजपत्रकातला घ्या, तो सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर ठरतो. केवळ हिशेबासाठी टनाला ७,००० रुपये धरू. २२ टनांचे १ लाख ५४ हजार झाले. खालचा खडीचा थर, टॅक कोट, रोलिंग आणि जीएसटी वेगळं. दर मिश्रणाच्या टनाला आहे की घनमीटरला, आणि त्यात वाहतूक व रोलिंग धरलंय का, हे आधी वाचा. नाहीतर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मोजले जातील.

खडीचा हिशेब आपल्या ओळखीच्या ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. १५० मिलिमीटरचा थर म्हणजे २७ घनमीटर, पण दाबल्यावर खडी बसते, म्हणून सुटी खडी तीसेक टक्के जास्त लागते. सुमारे साडेबारा ब्रास.

खरी मेख जाडीत आहे. ५० ऐवजी ३० मिलिमीटरचा थर टाकला, तर माल लागतो पावणेतेरा टन. साडेआठ टन वाचले, म्हणजे वरच्या दराने जवळपास ५९ हजार रुपये, तेही फक्त साठ मीटरच्या रस्त्यात! वरून पाहिलं तर दोन्ही रस्ते सारखेच काळेभोर दिसतात. म्हणून माल पसरत असतानाच खूण केलेली सळई त्यात खुपसून पाहा. दाबून ५० मिलिमीटर हवा असेल तर सुटा थर साठ-बासष्टच्या आसपास असतो. गाडी आली की वजनकाट्याची पावती मागा आणि टनांची बेरीज ठेवा. माल वाफाळताच हवा. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचं मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस लागतं. गार झालेला माल दबत नाही.

काम संपलं असेल तरी वाट बंद होत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २(ञ) नुसार कामाची पाहणी करता येते, नोंदींच्या प्रती आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. अर्जात अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि चाचणी अहवाल मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

गल्लीत पाणी साचत असेल, तर मात्र डांबराचा हट्ट धरू नका. साचलेलं पाणी डांबर आणि खडी वेगळं करतं. तिथे आधी गटार मागा, नंतर रस्ता.