वळणावरची वाटणी
जव्हार-मोखाड्याच्या घाटात गाडी कलते, म्हणून मागे जाड स्टॅबिलायझर बार बसवावा का?

मनोरहून निघून विक्रमगड मागे टाकलं की रस्ता चढू लागतो. जव्हार, मोखाडा आणि पुढे त्र्यंबकपर्यंत सलग सरळ रस्ता क्वचितच मिळतो. पावसाळ्यात दाभोसा धबधब्याकडे किंवा सूर्यमाळला निघालेल्या गाड्या इथल्या वळणांवर कलतात, मागच्या सीटवरची मुलं एकमेकांवर रेलतात. मग हौशी चालकांच्या गप्पांत एक उपाय हमखास निघतो: मागचा स्टॅबिलायझर बार जाड करून घे, गाडी रुळावरून गेल्यासारखी वळेल. यात तथ्य आहे, पण अर्धंच.

हा बार म्हणजे इंग्रजी ‘यू’ आकारात वाकवलेली पोलादी सळई. तिची दोन टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात आणि मधला भाग रबरी बुशांमध्ये फिरतो. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर ती नुसती फिरते. वळणावर मात्र बाहेरच्या बाजूचं सस्पेन्शन दबतं, आतलं सैल होतं, आणि सळई ओल्या पंच्यासारखी पिळली जाते. त्या पिळाला होणारा विरोध गाडीचं कलणं कमी करतो. कल्पना जुनी आहे. कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांना तिचं पेटंट १९१९ मध्ये मिळालं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत असा बार फक्त पुढे असतो. मागे दोन चाकांना जोडणारा टॉर्शन बीम स्वतःच पिळला जातो आणि थोडंफार तेच काम करतो.

सळईचा पिळाला होणारा विरोध, म्हणजे कडकपणा, तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. म्हणून १६ मि.मी.च्या जागी १९ मि.मी.चा बार घातला, तर डोळ्यांना फरक तीनच मिलिमीटरचा दिसतो, पण कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो.

आता मुख्य मुद्दा. एक हजार किलोची गाडी २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटरने गेली, तर ढोबळ हिशेबाने दीडशे किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. बार कितीही जाड असला तरी या आकड्यात फारसा फरक पडत नाही. बदलते ती वाटणी: या दीडशेतला किती भार पुढच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या. मागचा बार कडक केला की मागचा वाटा वाढतो. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे मागच्या जोडीची एकूण पकड घटते आणि पुढच्या जोडीला थोडी सवलत मिळते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं नाक वळणात बाहेर पळतं, ते यामुळे आवरतं. गाडी चपळ वाटते ती मागची थोडी पकड खर्ची घालून.

कोरड्या, गुळगुळीत डांबरावर हा सौदा परवडतो. जून ते सप्टेंबरात इथे डोंगरावरून माती वाहून रस्त्यावर येते, कडेला शेवाळ धरतं. उतारावर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि पाठ सुटते. नाक बाहेर पळालं तर वेग कमी करून सावरता येतं. सुटलेली पाठ सावरणं बहुतेकांना जमत नाही. शिवाय खड्ड्यांत कडक बार त्रास देतो. एका चाकाला बसलेला दणका दुसऱ्यापर्यंत पोचतो आणि गाडी डावी-उजवी हेलकावते.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारावं.

त्याहीआधी गाडीखाली वाकून पाहावं. झिजलेले टायर, गळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, चिरलेले बुश आणि खडखडणारे लिंक रॉड यांमुळेही गाडी जास्त डोलते. ते बदलले की कंपनीने दिलेली मूळ पकड परत मिळते. टायरमधली हवा तपासावी, छतावरचं सामान खाली घ्यावं. एवढं करूनही बार हवाच असेल, तर त्याच गाडीसाठी बनवलेला, मूळच्यापेक्षा किंचितच कडक असा घ्यावा आणि पावसाळा संपल्यावर बसवावा.

आणि वेग. त्याच २५ मीटरच्या वळणावर ३६ ऐवजी ४५ ने गेलं, तर वेग फक्त एक चतुर्थांश वाढतो, पण गाडीला बाहेर ओढणारा जोर दीडपटीहून जास्त होतो. मोखाड्याला चार-पाच मिनिटं लवकर पोचण्यासाठी एवढा जोर टायरवर टाकू नये. कोणताही बार तो कमी करून देत नाही.