संत्रा बर्फीचा हंगाम

इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये ईस्टरआधीचे उपवास लागण्यापूर्वी, कार्निव्हलच्या दिवसांत, 'स्क्याचाता आला फियोरेंतिना' हा चपटा केक होतो. त्यात संत्र्याचा रस आणि किसलेली साल घालतात. पूर्वी डुकराची चरबीही पडे, कारण हिवाळ्यात ती घरात असे आणि उपवासापूर्वी संपवावी लागे. वर पिठीसाखर आणि शहराचं लिलीचं चिन्ह. नागपूरच्या संत्र्याचा मृग बहारही साधारण याच सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतो. पण इथे शिमग्याला पान मांडलं जातं ते पुरणपोळीचं. संत्रा बर्फी मात्र बारमाही, बहुधा प्रवाशाच्या पिशवीत. मग तिला शहराचा वारसा म्हणावं का? माझ्या मते म्हणावं, पण त्याला एक अट आहे.

पहिला आक्षेप वयाचा. ही बर्फी जुनी नाही, हलवायांनी आणि पुढे कारखान्यांनी घडवलेली आहे. खरं आहे, पण संत्रंही इथलं मूळचं नव्हे, नागपूरच्या भोसल्यांनी त्याची कलमं औरंगाबादकडून आणवली असं सांगतात. आज काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीच्या बागांवाचून विदर्भाची कल्पना करता येत नाही. परकं ते आपलं होतं ते राबता राबता, आणि बर्फीतही तसं राबणं आहे. या संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा तापवला की लिमोनिनमुळे कडवटपणा उतरतो, म्हणून बिया आणि पांढरे धागे नीट काढावे लागतात. आंबटपणाने दूध फाटण्याची भीती असते, तेव्हा बरेच जण खव्याऐवजी कोहळ्याचा कीस घेऊन त्यात गर आटवतात. कोहळ्याला स्वतःची अशी चव फारशी नसते, म्हणून संत्र्याला वाव मिळतो. हा उपाय हंगामाच्या गावातच सुचावा.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. बर्फी वर्षभर मिळते, मग तिचा बागेशी संबंध उरला कुठे? गर साठवता येतो, त्यामुळे हंगामापलीकडे ती करण्यात पाप नाही. उलट आकाराने लहान पडलेल्या, ताज्या बाजारात भाव न मिळणाऱ्या फळाला त्यातून गिऱ्हाईक मिळू शकतं. पण केशरी रंग आणि इसेन्सवर भागवलेली बर्फी कोणत्याही शहरात होईल. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते नागपुरी संत्र्याला. मिठाईवर नागपूरचं नाव छापलं म्हणून त्यातला हिस्सा आपोआप मिळत नाही. माझी अट एवढीच: गर किती टक्के आणि आंबिया या दुसऱ्या बहाराचा की मृगाचा, हे खोक्यावर लिहा. नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा सौदा करताना बहार विचारतातच.