लपेल की खपेल?

लंडनच्या हाउन्सलो बरोमधल्या चिझिक भागात विल्यम हॉगार्थ या चित्रकाराचं घर अजून उभं आहे. जिन या दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या लंडनचं ‘जिन लेन’ हे चित्र त्यानं 1751 साली काढलं. पायऱ्यांवर झिंगून बसलेली आई आणि तिच्या हातून निसटून खाली पडणारं मूल! गंमत अशी, की त्याच घरापासून चालत जाता येईल अशा क्रॅनब्रुक रोडवर 2014 पासून जिन गाळली जाते. सिपस्मिथ कंपनीच्या या डिस्टिलरीतल्या तांब्याच्या भट्ट्यांची नावं आहेत प्रुडन्स, पेशन्स आणि कॉन्स्टन्स.

भर वस्तीत दारूची भट्टी, आणि तिला परवानगी? आपल्याला वाटतं, दारू वाईट की चांगली यावर तिथे कडाक्याचं भांडण होत असेल. पण इंग्लंडच्या नियोजन कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. आजूबाजूच्या घरांची किंमत उतरेल, ही तक्रारसुद्धा तिथे चालत नाही. घरांच्या शेजारी चालू शकेल असा ‘हलका उद्योग’ कोणता, हे ठरवताना कायदा आवाज, हादरे, वास, वाफारे, धूर, काजळी, राख, धूळ आणि कच या गोष्टी मोजतो. नवग्रहांसारखे हे नऊ शांत असले, की निम्मं काम झालं. बाजूच्यांना हरकत घ्यायला साधारण 21 दिवस मिळतात, आणि लहान अर्जाचा निकाल 8 आठवड्यांत लागावा अशी अपेक्षा असते.

आता भट्टीत डोकावू. जिनसाठी तयार मद्यार्क आणि पाणी भांड्यात घेतात, त्यात ज्युनिपरची फळं पडतात. सोबतीला धने, दालचिनी, ज्येष्ठमध, म्हणजे जवळजवळ आपला मसाल्याचा डबाच. मद्यार्क 78 अंशांना उकळतो, पाणी 100 ला. या फरकावरच सगळा खेळ. वाफ वर चढते, थंड नळीत पुन्हा द्रव होते आणि तिच्यासोबत धन्यांचा, लिंबाच्या सालीचा सुगंध येतो. आपण ‘पहिल्या धारेची’ म्हणून कौतुक करतो, पण इथे ती पहिली धार बाजूला काढतात, शेवटचीही. बाटलीत जाते ती मधली. वाफ नळीतच अडवली जात असल्यामुळे गल्लीत जाण्यासारखं थोडंच उरतं. नियोजन खात्याला खरी काळजी असते ती पहाटे बाटल्या घेऊन येणाऱ्या ट्रकची. म्हणून अशा परवानग्यांना माल उतरवण्याच्या वेळांची अट जोडता येते.

सिपस्मिथची मोठी लढाई मात्र चिझिकला येण्याआधीची, आणि ती करखात्याशी. 1979 च्या कायद्यानुसार सर्वांत मोठी भट्टी 1,800 लिटरपेक्षा लहान असेल, तर परवाना नाकारण्याची मुभा होती. प्रुडन्स जेमतेम 300 लिटरची! 2009 मध्ये हॅमरस्मिथला पहिली जिन गाळण्याआधी परवान्यासाठी बराच काळ झगडावं लागलं.

लहान भट्टीची एवढी धास्ती का? याचं उत्तर आपल्याकडेही सापडतं. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर सरकारनं गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून गाळप मोठ्या, मध्यवर्ती डिस्टिलऱ्यांत आणलं. 1892 मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध आले. दहा मोठ्या भट्ट्यांवर शिपाई बसवता येतो. हजार चुलींवर कसा बसवणार?

म्हणजे तांब्याचं भांडं एकच, पण दोन टेबलांवर त्याचं माप वेगळं. प्रुडन्स करखात्याला खुपली, कारण एवढीशी भट्टी कुठेही लपेल. आणि घरांच्या गल्लीत तिचं जमलं, कारण एवढीशी भट्टी कुठेही खपेल.