घरगुती जलतरण तलावाचे पाणी: जव्हार-मोखाड्याच्या परिसरातील गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्यांत बेसाल्टचा खडक पाणी फारसे मुरू देत नाही आणि तीव्र उतार ते थांबू देत नाहीत. परिणामी उन्हाळा लागताच अनेक पाड्यांच्या विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे बांधलेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते. अशा परिसरात थंड हवेच्या ओढीने फार्महाऊस बांधणाऱ्याच्या अंगणात जेव्हा पोहण्याचा तलाव येतो, तेव्हा त्याच्या पाण्याविषयीचे गैरसमज त्या मालकापुरते राहत नाहीत, कारण त्यांची किंमत आसपासच्या विहिरींनाही मोजावी लागते.

त्यांतील सर्वांत खर्चिक समज असा की तलावाचे पाणी ठरावीक दिवसांनी शिळे होते आणि ते सोडून देऊन नवे भरणे हीच खरी स्वच्छता होय. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात 48 हजार लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ पाच टँकर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी धरलेल्या माणशी रोज 55 लिटर या प्रमाणाने हे पाणी पाच माणसांच्या कुटुंबाला सुमारे पावणेसहा महिने पुरते. वस्तुतः गाळणयंत्रणा रोज पुरेसा वेळ चालली, निर्जंतुक द्रव्याची पातळी राखली आणि सामू, म्हणजे पाण्याची आम्लता किंवा अल्कता दाखवणारा अंक, योग्य मर्यादेत ठेवला, तर तेच पाणी वर्षानुवर्षे वापरता येते. बाष्पीभवनाने व गाळणी धुताना जेवढे कमी होईल तेवढेच भरावे लागते. याच आकाराच्या तलावाची पातळी उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटरने उतरली तरी 160 लिटर पाणी हवेत जाते, आणि वापर नसताना पृष्ठभागावर आच्छादन घातल्यास त्यातील मोठा भाग वाचतो.

तळ स्वच्छ दिसला की पाणी शुद्ध असते, हा दुसरा समज. घरोघरी गढूळ पाण्यात फिरवली जाणारी तुरटी मातीचे सूक्ष्म कण एकत्र आणून खाली बसवते, परंतु जंतूंचा भरवशाचा नाश ती करत नाही, शिवाय पाण्याचा सामूही खाली आणते. जंतुनाशाचे काम पाण्यात उरलेले मुक्त क्लोरीन करते. ते लिटरला एक मिलिग्रॅम असेल तर ई. कोलाय हा जिवाणू मिनिटभराच्या आत मरतो, हिपॅटायटिस-अ या काविळीच्या विषाणूला सुमारे पंधरा मिनिटे लागतात, तर क्रिप्टोस्पोरिडियम हा अतिसाराचा परजीवी त्याच पाण्यात दहा दिवसांहून अधिक तग धरू शकतो. म्हणून जुलाब होत असलेल्या व्यक्तीला, विशेषतः लहान मुलाला, तलावात उतरू न देणे हा नियम कोणत्याही रसायनाने टाळता येत नाही.

नाकाला झोंबणारा वास आला की क्लोरीन जास्त झाले असे मानून मात्रा कमी केली जाते. प्रत्यक्षात तो वास बहुधा क्लोरामाइनांचा असतो. घाम आणि लघवी यांतील नत्रयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन ही संयुगे बनतात, आणि डोळ्यांची आग मुख्यतः त्यांच्यामुळेच होते. अशा वेळी मुक्त क्लोरीन वापरले गेलेले असते, त्यामुळे मात्रा घटवल्याने दोष वाढतो. पोहणे थांबवून, संयुक्त, म्हणजे क्लोरामाइनांत अडकलेल्या, क्लोरीनच्या सुमारे दहापट क्लोरीन एकदम घालणे हा त्यावरचा उपाय आहे. तलावात उतरण्यापूर्वी अंग धुण्याची सक्ती केल्यास ही वेळच क्वचित येते.

खेड्यांत सर्वाधिक परिचयाचे असलेले टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, तलावालाही चालते. परंतु विहिरीचा हिशेब तलावाला लावणे चुकीचे ठरते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पावडर टाकतो आणि पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरले तरी ते पुरेसे मानले जाते. तलावात मात्र माणसे प्रत्यक्ष उतरत असल्याने ही पातळी सतत एक ते तीन मिलिग्रॅम राखावी लागते. वरील तलावात ती एक मिलिग्रॅमने वाढवण्यास 48 ग्रॅम क्लोरीन लागते, म्हणजे 33 टक्के शक्तीची सुमारे 145 ग्रॅम पावडर. पण दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी ही शक्ती झपाट्याने गमावते, म्हणून वजनापेक्षा चाचणीवर विसंबणे शहाणपणाचे असते. गावात वापरली जाणारी ओटी चाचणी, जिच्यात पाणी पिवळे होते, मुक्त आणि संयुक्त क्लोरीन यांतील भेद नीट दाखवत नाही. तलावासाठी गुलाबी रंग देणारा डीपीडी संच घ्यावा.

टीसीएलमध्ये चुना असतो आणि तो सामू वाढवत नेतो, हे नव्या मालकाच्या सहसा लक्षात येत नाही. क्लोरीन पाण्यात हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन अशा दोन रूपांत असते व त्यांतील पहिलेच प्रभावी जंतुनाशक असते, सामू 7.5 असताना त्याचा वाटा निम्मा असतो, 8 वर पोहोचल्यावर तो पाव भागापर्यंत उतरतो. सामू 7.2 ते 7.8 च्या दरम्यान ठेवला नाही तर पावडर वाढवत राहूनही पाणी हिरवे पडते, ते याच कारणाने. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीतील पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी सायंकाळी तलावात सोडावे, कारण उघड्या उन्हात असंरक्षित क्लोरीनचा बराचसा भाग दोन-तीन तासांत नष्ट होतो. सामू उतरवणारे आम्ल आणि पावडर यांचा थेट संपर्क कधीही होऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

बाजारातील पांढऱ्या गोळ्या, म्हणजे ट्रायक्लोर, यांत सायन्युरिक आम्ल असते व ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते. लिटरला 30 ते 50 मिलिग्रॅमपर्यंत ते उपयोगी असते, पण ते उडून जात नाही, साचत जाते, आणि शंभराच्या पुढे गेल्यावर क्लोरीनलाच मंद करते. ते घटवण्याचा सोपा मार्ग पाणी बदलणे हाच आहे, आणि या एका बाबतीत जव्हारचा पाऊस मालकाचे काम फुकट करतो: दीड मीटर खोल तलावावर एका पावसाळ्यात अडीच मीटर पाणी पडते, त्यामुळे सांडवा मोकळा ठेवल्यास साचलेल्या सायन्युरिक आम्लाचा मोठा भाग आपोआप वाहून जातो. एप्रिलमध्ये तलाव रिकामा करून टँकरने भरण्याचे त्यानंतर काहीच कारण उरत नाही. अर्थात हाच पाऊस क्लोरीनही पातळ करतो, म्हणून चाचणी रोज करावी लागते, आणि उतारावरून येणारे लाल मातीचे पाणी तलावात शिरू नये यासाठी वरच्या बाजूला चर खणावा लागतो. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि टीसीएल एकाच डब्यात किंवा एकाच मापाने हाताळू नयेत, त्यांच्या संयोगाने आग लागू शकते.

मोरचुदाने शेवाळ मरते, जंतूंचा बंदोबस्त मात्र होत नाही, आणि भिंतींवर डाग पडतात. मिठावर चालणारी यंत्रे क्लोरीनमुक्त असतात हेही खरे नाही. ती मिठापासून क्लोरीनच तयार करतात.

पावसाळ्यात पोहणे बंद असते, म्हणून तलाव रिकामा करून ठेवावा, हा समज बांधकामालाच धोक्यात आणतो. जुलैत भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते, खडकात खोदलेल्या खड्ड्यात ते पाणी साचते, आणि आतून वजन नसलेली टाकी खालच्या दाबाने उचलली जाऊन तडकू शकते. पाणी भरलेलेच ठेवावे, पण पंप बंद करून विसरू नये. क्लोरीन संपलेल्या स्थिर पाण्यात डासांची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते. गाळणी उलटी धुताना निघणारे पाणी ओढ्यात सोडल्यास त्यातील क्लोरीन मासे मारते, म्हणून ते वेगळ्या टाकीत दोन-तीन दिवस उन्हात ठेवून, चाचणीत क्लोरीन शून्य दिसल्यावरच झाडांना द्यावे; मिठाच्या यंत्राचे पाणी मात्र झाडांनाही देऊ नये.