बेल्जियन एल: मठ, धणे आणि मुतखडा

सास्तूर-लोहाऱ्याकडची पोरं शिकायला, नोकरीला पुण्यात जातात आणि तिथल्या छोट्या ब्रुअरींच्या बिअरबद्दल गावी येऊन नाना गोष्टी सांगतात. त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या असतात.

बेल्जियन म्हणजे बेल्जियमहून आलेली, ही पहिली समजूत. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी 2009 साली पुण्यात 'डूलाली' ही ब्रुअरी सुरू केली. तिची बेल्जियन विट ही गव्हाची बिअर आपल्याकडेच बनते. बेल्जियन आहे ती पद्धत. जवाच्या माल्टला जवळजवळ तेवढीच जोड कच्च्या गव्हाची, आणि उकळणं संपत आलं की जाडसर भरडलेले धणे व संत्र्याची वाळलेली साल. पुढे एलचं, म्हणजे कोमट तापमानाला आंबवायच्या बिअरचं, यीस्ट वीसेक अंशांवर काम करतं आणि त्यातूनच फळाचा, लवंगेचा वास येतो. तो एसेन्सचा वास नव्हे. गहू आणि यीस्टमुळे ही बिअर गढूळ दिसते, म्हणून ती नासलेली ठरत नाही. ही पद्धत तिच्या मायदेशातही बंद पडली होती. होगार्डन गावच्या पिएर सेलिस या दूधवाल्याने 1960च्या दशकात ती पुन्हा उभी केली, हे मला फार मोलाचं वाटतं.

ही बिअर मठातले संन्यासीच बनवतात, असंही सांगतात. आज अशी मठातली, म्हणजे ट्रॅपिस्ट, बिअर बनवणारे बेल्जियममधले मठ पाचच आहेत. बाकी बहुतेक साध्या ब्रुअरी.

काळी तेवढी कडक, हेही खरं नाही. सोनेरी वेस्टमाल ट्रिपेलमध्ये 9.5 टक्के अल्कोहोल असतं, काळ्याभोर गिनेस ड्राफ्टमध्ये 4.2.

सगळ्यांत घातक समजुती दोन. बिअर म्हणजे दारू नव्हे, ही एक. 8 टक्क्यांच्या 650 मिलीच्या बाटलीत सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असतं, तर व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये सुमारे 10. म्हणजे एक बाटली प्यायलेला माणूस चार पेग रिचवून मोटरसायकलवर बसतो. दुसरी, बिअरनं मुतखडा पडतो. लघवी जास्त होते, पण खडा विरघळत नाही, आणि अल्कोहोलनं अंगातलं पाणी उलट कमी होतं. कितीही थोडी दारू आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली स्पष्ट सांगितलं आहे.

पोटात कळ आली, तर बिअर शॉपीकडे वळू नका. दवाखान्यात जा, सोनोग्राफी करून घ्या.