वहीला मालक नसतो तेव्हा

वाचकहो, आपल्या घरातील जुन्या लेखनाचे पुढे काय होते, याचा विचार आपण कधी केला आहे काय? आजोबांनी लिहिलेले यात्रेचे वर्णन, आईच्या हातची पाककृतींची वही, एखाद्या दिवाळी अंकात छापून आलेली मावशीची कथा! त्यांची बहुधा एकच प्रत घरात असते. एका पावसाळ्यात कपाटात ओल शिरते आणि ती प्रतही जाते. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडविली गेली, तरी ती लोकांच्या मुखी उरली होती, असे आपली परंपरा सांगते. एका प्रतीचे लेखन बुडू शकते. घरोघरी पोचलेले लेखन सहसा बुडत नाही, हाच त्या कथेचा एक व्यावहारिक अर्थ नव्हे काय?

आमच्या छत्तीसगढात याचे एक चांगले उदाहरण आहे. माधवराव सप्रे हे मराठीभाषक. रामदासांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत आणले. त्याआधी, १९०० साली, पेंड्रा येथून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले होते. ते जेमतेम तीन वर्षे चालले. तरी आज अभ्यासक त्याचे अंक वाचू शकतात, याचे कारण एवढेच की ते कोणी ना कोणी जपून ठेवले.

गेल्या काही वर्षांत लेखन जपण्याची एक नवी रीत निघाली आहे. तिला ब्लॉकचेन म्हणतात. तिच्यावर उभ्या राहिलेल्या एका लेखनसमाजात मी २०१८ सालापासून लिहीत आहे. तो अनुभव आपल्यापुढे ठेवावा, असे मनात आहे.

गावच्या वहीसारखी वही

प्रथम ही ब्लॉकचेन म्हणजे काय, ते पाहू. पूर्वी गावात सावकाराची वही असे. देण्याघेण्याचा वाद निघाला की ती वही म्हणेल ते खरे, कारण ती एकट्याच्या हाती असे. आता अशी कल्पना करा की त्या वहीची एकेक प्रत गावातील प्रत्येक घरी आहे आणि कोणतीही नवी नोंद सर्व प्रतींत एकाच वेळी होते. शिवाय प्रत्येक पानावर मागील पानाच्या मजकुरावरून काढलेली एक खूण आहे. कोणी मागच्या एका पानात एक अक्षर जरी बदलले, तरी पुढच्या सर्व पानांवरील खुणा चुकतात आणि लबाडी उघडी पडते. पानांची अशी साखळी, तीच ब्लॉकचेन. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जातीची प्रमाणपत्रे अशाच वहीत नोंदविण्याचा उपक्रम झाला, तो याच गुणामुळे.

लेखनासाठी या रीतीचा उपयोग २०१६ साली अमेरिकेत नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी केला. त्यांच्या वहीचे नाव स्टीम. लेख प्रसिद्ध झाला की वाचक त्याला पसंतीचे मत देतात. सात दिवसांनी त्या मतांच्या वजनानुसार लेखकाला टोकन, म्हणजे बाजारात विकता येणारे एक आभासी नाणे, मिळते. त्यातील काही वाटा मत देणाऱ्या वाचकांनाही मिळतो. मात्र सर्वांचे मत सारख्या वजनाचे नसते; ज्याच्याजवळ गुंतवून ठेवलेली टोकने अधिक, त्याच्या मताला वजन अधिक. ही गोष्ट ध्यानी ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

भिलाईतून लिहिताना

मी भिलाईची रहिवासी. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन येथे पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूर–हावडा लोहमार्गाने अनेक मराठी कुटुंबे येथे आली आणि स्थिरावली. त्यांच्या आठवणी मराठीत लिहाव्यात अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. पण अशा घरगुती मजकुराला जागा कोठे मिळणार? तेव्हा माझ्या भाचीने मला या लेखनसमाजाची माहिती दिली.

नाव नोंदविल्यावर मान्यता येण्यास काही दिवस लागले. मग पन्नासाहून अधिक अक्षरांची एक किल्ली हाती आली. ती हरवल्यास पुन्हा देणारे कार्यालय नाही, हे भाचीने प्रथमच बजावले होते. आम्ही दोघींनी ती कागदावर उतरवून तीनदा ताडून पाहिली आणि दागिन्यांच्या डब्यात ठेवली. नवागताने आधी आपला परिचय लिहावा असा तेथील प्रघात आहे. माझ्या चार ओळींच्या परिचयाला नायजेरिया, इंडोनेशिया आणि व्हेनेझुएला येथून स्वागताची उत्तरे आली. मराठी वाचणारे थोडेच. म्हणून मी लेख मराठीत लिहून खाली इंग्रजीत सारांश देऊ लागले.

पहिला लेख आमच्या शेजारच्या काकूंविषयी लिहायचे ठरले. त्या १९६० साली नवी नवरी म्हणून नागपूरहून येथे आल्या होत्या. आसपास उठणारी धूळ, बाजारात रशियन बायकांशी खुणांनी होणारे बोलणे, भोंग्यावर चालणारे घर, सारे त्यांनी मला तीन दुपारी बसून सांगितले. लेख तयार झाल्यावर मी तो त्यांना वाचून दाखविला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारले, "हे मागाहून पुसता येईल का गं?"

मी त्यांना खरे ते सांगितले. लेखात दुरुस्ती करता येते. पण आधीचा मजकूरही वहीच्या मागील पानावर राहतोच आणि शोधणाऱ्याला तो सापडतो.

"मग ती एक गोष्ट तेवढी काढ," त्या म्हणाल्या. "बाकी सारं राहू दे. ती माझ्यापाशीच बरी."

ती गोष्ट कोणती, हे मी येथेही लिहीत नाही. लेखातील सर्वांत हृदयस्पर्शी भाग तोच होता, हेही खरे. परंतु जी वही विसरत नाही, तिच्यात दुसऱ्याचे दुःख त्याला विचारल्यावाचून लिहू नये, हा नियम मी त्या दिवसापासून पाळत आले आहे. लहान मुलांची छायाचित्रे आणि आजाऱ्यांची नावे यांनाही मी तोच नियम लावते.

सात दिवसांनी त्या लेखाचे टोकन जमा झाले. त्यातून दोघींचा चहाही झाला नसता! काकूंना मात्र व्हेनेझुएलातील एका आजीचे उत्तर मी भाषांतर करून वाचून दाखविले, तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचावयास लावले.

वही कोणाची?

२०२० च्या फेब्रुवारीत जस्टिन सन या उद्योजकाने स्टीमच्या मागील कंपनी विकत घेतली. त्या कंपनीजवळ टोकनांचा फार मोठा साठा होता. वहीत नोंदी करण्यासाठी लोक मतांनी काही 'साक्षीदार' निवडतात. या साठ्याच्या बळावर एकटा मनुष्य सर्व साक्षीदार बदलू शकेल, अशी त्यांना धास्ती वाटली आणि त्यांनी तो साठा गोठविला. असे करणे योग्य होते काय, याविषयी सभासदांतही मतभेद होते. मार्चच्या आरंभी काही मोठ्या विनिमय केंद्रांनी ग्राहकांनी ठेवलेल्या टोकनांची मते देऊन नवे साक्षीदार निवडून आणले.

यावर सभासदांपैकी पुष्कळांनी काय केले? भांडत बसण्याऐवजी त्यांनी सबंध वहीच उतरवून घेतली. २० मार्च २०२० रोजी 'हाइव्ह' नावाची नवी वही सुरू झाली. तीत जुने लेख आणि बहुतेकांची शिल्लक जशीच्या तशी आली. कंपनीचा तो साठा मात्र आला नाही. दोनच दिवसांनी आपल्याकडे जनता संचारबंदी पाळली गेली. घराची दारे बंद झाली, आणि काकूंचा लेख मात्र एकाऐवजी दोन वह्यांत सुखरूप होता.

यावरून मला एक गोष्ट उमगली. यंत्राने प्रती राखल्या, हे खरे; पण त्या घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड थाटले ते माणसांनी. मजकूर न पुसण्याची हमी साखळी देते. वही न्यायाने चालेल, ही हमी मात्र सभासदांनाच द्यावी लागते.

दोन शब्द पैशाविषयी

आपल्यापैकी कोणी या वाटेने जाऊ इच्छीत असेल, तर त्याने मिळकतीचा हिशोब आधी नीट करावा. स्टीमच्या एका टोकनाचा भाव जानेवारी २०१८ मध्ये आठ डॉलरांच्या आसपास चढला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो अर्ध्या डॉलरच्याही खाली आला. अशा नाण्यावर घरखर्च बेतता येत नाही. आपल्या देशात ते कायदेशीर चलन नाही, आणि ते विकून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. घरचा पैसा घालून टोकने घेण्याचा आग्रह कोणी केल्यास त्याला नम्रपणे नकार द्यावा. लिहिण्यासाठी त्याची गरज नाही. किल्ली कोठे ठेवली आहे, हे घरातील एका विश्वासू माणसास ठाऊक असू द्यावे. ती मागणारा दूरध्वनी आला, तर तो ठकाचाच समजावा.

काकू २०२१ साली निवर्तल्या. त्यांचा नातू पुण्यास असतो. आजीच्या तरुणपणाविषयी त्याला फारसे काही ठाऊक नव्हते. तो लेख त्याने वाचला आणि आपल्या मुलीसाठी कागदावर छापून घेतला. संगणकाच्या वहीतून लेखन पुन्हा कागदावर आले, याचे मला फार समाधान वाटले.

प्रत्येकाने ब्लॉकचेनवरच लिहावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु आपल्या घरातही कोणी आजी, कोणी काका असतील, ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. येत्या रविवारी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा, ते नको म्हणतील ते गाळा, आणि उरलेल्याच्या निदान तीन प्रती तीन घरी ठेवा. एवढे कोणत्याही यंत्रावाचून आजच करता येईल.