खडकवासला : चौपाटी की पाणवठा?

पुण्यात शिकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना खडकवासला म्हणजे सिंहगडाच्या वाटेवरची चौपाटी. भाजलेले कणीस घ्यावे, गरम कांदाभजी खावी, पाण्यावरचा वारा अंगावर घ्यावा आणि परतावे. पण या जलाशयाचा मूळ धर्म वेगळा आहे. तो समजून घेतला तर सहलीचा आनंद उणावणार नाही, असे मला वाटते.

मुठा नदीवरचे हे दगडी धरण १८७९ साली पुरे झाले. पुणे शहर व छावणीला पाणी आणि कालव्यातून शेतीला ओलावा, हा त्यामागील हेतू. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी येथे स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत. भिंतीची उंची न वाढविता साठा वाढविण्याची ही युक्ती होती.

आज वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव व टेमघर ही धरणे आहेत. चारही मिळून साठा सुमारे २९ अब्ज घनफूट. त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन, म्हणजे पंधरावा हिस्सा! डोळ्यांत न मावणारे हे पाणी हिशेबात मात्र लहान आहे. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरे न झालेले पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि तो लोंढा येथे आला. लोट्यात घागर कशी मावणार? त्याच दिवशी खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

या लहानपणातूनच दोन गोष्टी निघतात. पावसाळ्यात हा जलाशय लवकर भरतो व पाणी सोडावे लागते. अशा वेळी शहरातील नदीपात्रात रेंगाळणे म्हणजे जिवाशी खेळ. दुसरे असे, की वरच्या धरणांचे पाणी येथूनच पुढे शहराकडे जाते. काठावर फेकलेली पिशवी, पाण्यात धुतलेले वाहन यांचा मळ शेवटी आपल्याच हंड्याकडे निघतो.

काठ शांत दिसला तरी गाळात पाय रुततो, खोली एकाएकी वाढते, आणि पोहता येणारेही येथे बुडाले आहेत. म्हणून माझे वर्गमित्रांना एवढेच सांगणे, की कणीस जरूर खावे, पण बुरकुंडा परत आणावा. पाणी डोळे भरून पाहावे, पण त्यात उतरू नये. पाणवठ्याची मर्यादा राखली, तरच त्याची चौपाटी टिकेल.